एका जिवाचं पिल्लू

धाकटी गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकानं एकच शब्द वापरला. सोशिक. "फार सोशिक होती हो तुमची जाऊ." मी मान हलवत राहिले, कारण अशा वेळी वाद घालायचा नसतो. पण धाकटी सोशिक नव्हती, चिवट होती. सोशिक माणूस मार खातो आणि गप्प बसतो. चिवट माणूस मार खातो आणि पुन्हा नाणं टाकतो.

नाणं कुठून आलं, असं विचाराल. तेच सांगते.

तेव्हा आम्ही दोघी जावा, दोघे भाऊ आणि सासूबाई एका घरात होतो. वर राहायच्या खोल्या, खाली रस्त्याला लागून भाऊजींचं दुरुस्तीचं दुकान. भाऊजी म्हणजे माझे दीर, धाकटीचा नवरा. रेडिओ, टीव्ही, पंखे, इस्त्र्या, जे बंद पडेल ते त्यांच्याकडे यायचं आणि पुष्कळदा तिथंच मुक्कामाला राहायचं. लोक जुनं दुरुस्तीला टाकायचे, नवं विकत घ्यायचे आणि जुन्याला विसरायचे. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, पण "तुमची वस्तू घेऊन जा" असं म्हणायला भाऊजींची जीभच रेटत नसे. माणूस म्हणजे लोणी. आमचे हे म्हणायचे, "माझ्या भावाला वाटेत चोर भेटला तर हा त्याची शिडी धरून उभा राहील."

धाकटी लग्न होऊन आली ती एक ट्रंक घेऊन. माहेर म्हणावं असं तिला काही नव्हतंच. आई लहानपणी गेली, बापानं दुसरा संसार मांडला, आणि ही कधी मावशीकडे, कधी आत्याकडे, कधी कुठल्या लांबच्या मामाकडे, ज्याच्या घरी कामाला हात हवा त्याच्याकडे वाढली. भांडण झालं की माझ्यासारखी बाई निदान पिशवी तरी भरायला घेते, चार कपडे कोंबते, घरातले घाबरतात, प्रकरण मिटतं. धाकटीला तीही सोय नव्हती. ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसायची आणि काजं करायची.

काजं म्हणजे बटणांची घरं. बाजारातला शिंपी कोट शिवायचा आणि काजांसाठी तिच्याकडे पाठवायचा. तिचं एकेक काज इतकं सावकाश व्हायचं की बघणाऱ्याला झोप यावी. सासूबाई म्हणायच्या, "हिच्याकडे नवरदेवाचा कोट देऊ नका रे. त्याचं पोर शाळेत जायला लागेल तेव्हा काजं होतील." पण तिचं काज उसवलं असं कधी झालं नाही. मी एकदा तिच्याजवळ बसून शिकायला गेले, तर दर टाका वाकडा. ती म्हणाली, "ताई, तुम्ही सुई कुठे आहे ते बघता. ते नाही बघायचं. कुठून निघणार आहे, तिथं डोळा ठेवायचा." मी म्हटलं, "बाई, माझे डोळे मला जेवण करपतंय का ते बघायला हवेत." आणि उठले.

तर असं आमचं चाललेलं असताना भाऊजींच्या ओळखीचा एक व्हिडिओ गेमवाला आपलं दुकान गुंडाळून परगावी निघाला. जाताना तीन जुनी मशिनं भाऊजींच्या दारात उतरवून गेला. कपाटाएवढी मशिनं, वर काच, काचेखाली दांडा आणि बटणं. एक मोटारींचं, एक मारामारीचं आणि एक बदकाच्या पिल्लाचं. भाऊजींना वाटलं, चला, पडून राहिलेल्या रेडिओंपेक्षा हे बरं, पोरं तरी येतील. त्यांनी पुढची खोली रिकामी केली. म्हणजे तिथले रेडिओ जिन्यात गेले आणि आमचा जिना निम्मा झाला.

भाऊजींनी तिन्ही मशिनं उघडली, कुंचल्यानं धूळ झाडली, तारा पुसल्या. बदकाच्या मशिनीत आतल्या पट्टीवर पिटुकल्या खटक्यांची एक रांग होती. काही खटके वर, काही खाली. भाऊजींना वाटलं, टेम्पोत आपटून पडले असतील बिचारे. त्यांनी काडीच्या टोकानं सगळे वर करून टाकले. वर म्हणजे चालू आणि चालू म्हणजे चांगलं, हे त्यांचं जन्माचं गणित. ही गोष्ट तेव्हा त्यांनाही महत्त्वाची वाटली नाही आणि आम्हाला तर माहीतच नव्हती. पण तुम्ही आत्ताच ऐकून ठेवा, म्हणजे पुढे आमच्यासारखं डोकं धरून बसायला नको.

त्या पिल्लाचं रूप मी आजही डोळे मिटून सांगते. पिवळं धमक, डोक्यावर लाल टोपी, गाल फुगलेले. मागे हसरा सूर्य, कापसाचे ढग, आणि टिंग टिंग टिंग असं एखाद्या तान्ह्या बाळाला झोपवावं तसं गाणं. मशिनीच्या बाजूच्या फळीवर मोठं चित्र रंगवलेलं: टेकडीवर एक घर, धुराड्यातून धूर, आणि दारात आई बदक वाट बघत उभी. पिल्लानं तळं ओलांडायचं, मग शेत, मग झुलता पूल, मग टेकडी चढायची, की आलं घर. एवढाच खेळ. भाऊजींनी मशिनीसमोर एक ठेंगणं स्टूल ठेवलं, कारण हा खेळ लहान मुलांचा, त्यांचा हात पुरायला हवा.

पहिल्या दिवशी तीन लहान मुलं त्या स्टुलावर बसली आणि तिन्ही रडत घरी गेली.

पिल्लू पानावरून पानावर उड्या मारायचं, तर पान पाय टेकताच बुडायचं. बेडूक हसत हसत जीभ काढायचा आणि पिल्लू गिळायचा. वरून कावळा असा यायचा की आला म्हणेपर्यंत गेलेला असायचा. आणि पिल्लू एकदा बुडालं की संपलं. ते पाण्याबाहेर डोकं काढून दोन टपोरे थेंब गाळायचं, रडकं गाणं वाजायचं, आणि सूर्य मात्र मागे तसाच हसत असायचा. मला त्या सूर्याचा फार राग यायचा.

मारामारीच्या मशिनीवर पोरं तासन्‌तास टिकायची. तिथला राक्षस अक्राळविक्राळ, पण दोन गुद्द्यांत आडवा. बदकापुढे मात्र कुणाची मात्रा चालेना. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावून ठेवून एक हात खेळायला यायचा, आणि फेस वाळायच्या आत हरून परत जायचा. व्यायामशाळेतला एक दांडगा गडी होता, त्याला सगळे पैलवानच म्हणायचे. तो पहिल्याच पानावर बुडाला, चिडला आणि दांडा उपटून हातात घेऊन भाऊजींसमोर उभा राहिला. "काका, हा निघाला," म्हणाला, जसं काही तो आधीपासून सैल होता.

सासूबाई तर वरून ऐकत होत्याच. एक दिवस गुडघे धरून खाली आल्या. "बघू रे, एवढं काय आहे त्या कोंबडीत."

"आई, बदक आहे," भाऊजी म्हणाले.

"तेच ते. बाजूला हो."

त्यांनी नाणं टाकलं, दांडा धरला, आणि पिल्लू पाण्यात गेलं. सासूबाईंनी दांड्याकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं, आणि आम्हा दोघी सुनांकडे पाहिलं, कारण चूक कुठेही झाली तरी त्यांची नजर शेवटी तिथंच येऊन थांबायची. मग जाहीर केलं, "यंत्रात खोट आहे."

न्हावी पलीकडून ओरडला, "आजी, हरल्यावर सगळे असंच म्हणतात!"

"तू तुझं भादरणं बघ," सासूबाई म्हणाल्या आणि वर गेल्या. खरं सांगू, त्या मशिनीत आणि सासूबाईंमध्ये मला फार साम्य वाटायचं. गोल चेहरा, गोड बोलणं, पाहुण्यांना वाटायचं, काय माया आहे! पानावर पाय ठेवला की कळायचं.

धाकटीनं खेळायला घेतलं ते मात्र हौसेनं नाही. भाऊजी जेवणानंतर जरा आडवे व्हायचे, तेव्हा ती दुकान राखायला खाली बसायची. पोरं शाळेत, रस्ता सुस्त, दुकानात कुणी नाही. मशीन रिकामं असलं की आपलं आपणच खेळून दाखवायचं, गिऱ्हाइकाला भुरळ पडावी म्हणून. त्यातही पिल्लू पहिल्या तळ्यातच बुडायचं. पुन्हा निघायचं, पुन्हा बुडायचं. धाकटी समोर बसून काजं करत ते बघायची.

एकदा मी दुपारचा चहा घेऊन खाली गेले तर बाईसाहेब ठेंगण्या स्टुलावर, आणि कोट मांडीवरून घसरून जमिनीवर.

"अगं, हे काय?"

"ताई, दिवसभर बुडतंय ते. कुणी तरी पलीकडे न्यायला नको का?"

मी हसले. ती हसली नाही. त्या दिवशी भाऊजी उठून आल्यावर तिनं त्यांना विचारलं, "अहो, याला घर आहे का?"

"आहे की. हे काय चित्रात."

"चित्रातलं नाही. आत, खेळात. शेवटाला."

भाऊजींनी डोकं खाजवलं. "असणारच. एवढं रंगवलंय म्हणजे असणारच."

"तुम्ही पाहिलंय?"

"मी तळंच नाही ओलांडलं अजून."

तिनं मान हलवली. नवऱ्याकडे कधी नवी चप्पल न मागणारी ही बाई. तिला त्या दिवसापासून एकच गोष्ट हवी होती. ते पिल्लू दारापर्यंत न्यायचं आणि आई दार उघडते की नाही, ते आपल्या डोळ्यांनी बघायचं. तिनं हे तोंडानं कधी सांगितलं नाही. पण मी थोरली जाऊ, एका चुलीवर रांधणारी. मला काय ते सांगावं लागतं?

मग रोज दुपारी एक नाणं. एकच. बुडालं की उठायची आणि काज हातात घ्यायची. सुईसारखंच खेळायची. पिल्लाकडे बघायचीच नाही. ते जिथं जाणार तिकडे डोळा. एक उन्हाळा तळ्यात गेला. थंडी पडली तेव्हा ती शेतात पोचली होती. शेतात बुजगावणं होतं, दिसायला गोंडस, गालावर लाली, आणि ते अचानक वळून टोपलं फेकायचं. धाकटी जेवताना मध्येच म्हणायची, "बुजगावणं डावीकडे वळण्याआधी डोळे मिचकावतं." आमचे हे माझ्याकडे बघायचे. मी म्हणायची, "भाजी घ्या."

गल्लीत बातमी पसरली. शाळा सुटली की पोरं धावत यायची, "काकू, आज कुठपर्यंत?" आणि ती पुलापर्यंत गेली त्या दिवशी न्हाव्यानं गिऱ्हाईक अर्धं भादरलेलं सोडलं. न्हाव्याचं म्हणणं, त्याच्या एका मेव्हण्यानं दुसऱ्या गावी घर पाहिलंय, आत बदकांची जेवणावळ असते. पैलवान म्हणायचा, घरबिर काही नाही, शेवटी मोठा कावळा येतो. भाऊजी म्हणायचे, "घर आहे." का कोण जाणे, ते आता छातीठोक सांगायला लागले होते. बायकोला हवंय म्हटल्यावर घर असायलाच हवं, असं काहीतरी त्यांच्या मनानं घेतलं असावं.

सासूबाई कुरकुरायच्या. "लोकांच्या सुना घर सांभाळतात, आमची सून बदक सांभाळते." पण दुपारी झोपायच्या आधी त्याच मला विचारायच्या, "गेली का गं पूल ओलांडून?"

पूल मोठा वाईट होता. वारा सुटायचा, फळ्या निखळायच्या, आणि मागे तोच हसरा सूर्य. पुलावर तिचा सबंध पावसाळा गेला.

आता ती खोली नाही, मशिनंही नाहीत. माझी नात परवा तळहातावर मावेल असं काहीतरी घेऊन आली. म्हणाली, आजी, यात जुन्या काळचे शेकडो गेम आहेत, किती क्यूट ना! आणि एका फुगऱ्या गालाच्या सशाकडून ती पहिल्याच उडीला हरली. "हे असं कसं? हा तर बाळांचा गेम आहे!" मी म्हटलं, बाई, गालावर जाऊ नये. गोबऱ्या गालांची जात फार वाईट. तिला वाटलं मी गंमत करतेय. त्या खोलीतला वास तिला कसा सांगू? तापलेल्या तारा, पोरांचे ओले बूट, न्हाव्याचा साबण, आणि स्टुलाशेजारी थंड होत चाललेला धाकटीचा चहा.

असो. तर धाकटी पूल ओलांडून टेकडीच्या पायथ्याशी पोचली होती, तेव्हा एक मशीनवाला आला. मारामारीचं मशीन बदलून द्यायचं त्यानं भाऊजींशी ठरवलं होतं. आलाच आहे म्हणून त्यानं बदकाचंही मागचं दार उघडून पाहिलं. आणि हसायलाच लागला.

"अहो, हे कुणी लावलं असं?"

"काय झालं?" भाऊजी.

"हे खटके. सगळे वर! म्हणजे सगळ्यात अवघड. आणि जीव एकच ठेवलाय. तीन मिळतात हो पिल्लाला. असं कुणी खेळतच नाही. कावळासुद्धा दुप्पट वेगानं येत असेल."

धाकटी तेव्हा शिंप्याकडे कोट पोचवायला गेली होती म्हणून बरं. मशीनवाला गेल्यावर भाऊजी जिन्यात माझ्यासमोर येऊन उभे राहिले. चेहरा पिठासारखा.

"वहिनी, मी काय करून बसलो! इतके महिने ती... माझ्या एका काडीमुळे..."

"मग आता?"

"आत्ता खाली करतो सगळे. तिला सांगू नका. तिला वाटू दे, तिचंच तिला जमलं."

मला ते बरोबर वाटलं नाही, पण लोण्याला कोण काय बोलणार? आणि मागून सासूबाईंचा आवाज आलाच, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, खोट आहे म्हणून! माझं कुणी ऐकतं का या घरात?" त्या दिवसानंतर सासूबाई मरेपर्यंत हे वाक्य कुठल्याही वादात काढायच्या. दूध नासलं तरी बदकाची आठवण.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी स्टुलावर बसली. भाऊजी झोपायला गेलेच नाहीत. एका रेडिओत डोकं घालून उगीच पेच फिरवत बसले. मी चहाचं निमित्त करून उभी. नाणं पडलं. टिंग टिंग टिंग.

पहिल्या पानावर पिल्लू गेलं. पान बुडेना. धाकटी पुढच्या पानाकडे बघत होती, हात ठरल्याप्रमाणे चालला, पण कावळा आला तो असा निवांत, जणू फिरायला निघालाय. ती चुकली. जुना कावळा एव्हाना जिथून निघून गेला असता, तिथं तिनं सवयीनं पिल्लू नेलं, तर हा सुस्त कावळा तिथं आत्ता येऊन धडकला आणि पिल्लू पाण्यात पडलं.

आणि पुन्हा पानावर येऊन उभं राहिलं. टोपीबिपी घालून.

धाकटीनं दांड्यावरचे हात असे काढले, जसं काही भाजलं.

"हे कोण?"

भाऊजींनी पेचाला उगीच आणखी दोन फेरे दिले.

"अहो, ते मेलं होतं. हे कोण आलं?"

भाऊजी रेडिओतून तोंड वर काढेनात. पण खोटं त्यांच्या पोटात कधी राहिलंय? त्यांनी सगळं सांगितलं. काडी, खटके, मशीनवाला, तीन जीव. सांगताना पेचकस हातात उलटासुलटा होत होता. "तुला सोपं जावं म्हणून केलं गं," असं शेवटी म्हणाले.

मला वाटलं, आता ही रडेल. ती उठली, कोट उचलला आणि म्हणाली, "परत वर करा."

"अगं, पण तशी चूकच होती ती माझी! खरा खेळ हा आहे."

"असेल. हे पिल्लू माझं नाही. याला काय, पडलं तर दुसरं येतं. माझ्याला एकच जीव आहे. त्याला टेकडीच्या पायथ्याशी आणून ठेवलंय मी."

आणि वर निघून गेली. मग आमच्या घरात अबोला सुरू झाला. अबोला दोघांचा, आणि धावपळ माझी.

"ताई, त्यांना सांगा, चहा निवतोय."

"भाऊजी, चहा निवतोय."

"वहिनी, तिला सांगा, मला ऐकू आलंय."

"ती समोरच उभी आहे, भाऊजी. मी काय टपाल आहे?"

आमच्या ह्यांनी तर जेवताना विचारलं, "मीठ मागायचं झालं तर अर्ज कुणाकडे करायचा?" कुणी हसलं नाही. धाकटीचा राग आरडाओरड्याचा नव्हता. पाटा-वरवंटा जसा थंड असतो, तसा. मी रात्री तिला समजावलं, की अगं, त्यानं मायेपोटी केलं. ती म्हणाली, "माहीत आहे, ताई. लहानपणी मी ज्यांच्या ज्यांच्याकडे राहिले, तेही मायेनंच म्हणायचे, हेच तुझं घर समज. समज म्हणायचे. मला समजायचं नाही. मला खरोखर पोचलेलं बघायचंय."

हे मी भाऊजींना जसंच्या तसं सांगितलं. ते उठून खाली गेले. मग त्यांनी मशीन उघडलं. खटके वर केले. पण गल्लीतली लहान पोरंही होती ना, त्यांना सोपं पिल्लू फार आवडलं होतं. एका दिवसात दोघं पुलापर्यंत गेली होती. म्हणून भाऊजींनी तारा ओढून मशिनीच्या पाठीवर एक दिव्याचं साधं बटण बसवलं. वर केलं की एका जिवाचं पिल्लू, खाली केलं की तीन जिवांचं. सकाळ-संध्याकाळ पोरांची, दुपार धाकटीची. हे त्यांनी तिला सांगितलं नाही. बटणाशेजारी खडूनं एक काज काढून ठेवलं. बटणाचं घर, टाक्यांसकट. धाकटीनं ते पाहिलं, बोटानं चाचपलं आणि म्हणाली, "टाके लांब पडलेत."

नवऱ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. भाऊजी इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी एक रेडिओ खरंच दुरुस्त करून टाकला.

टेकडीनं तिला पुष्कळ दिवस झुलवलं. दगड घरंगळत यायचे, दिसायला लाडवासारखे गोल, डोळे रंगवलेले, हसरे. त्या खेळात जो जो हसायचा तो मारायचा. पण धाकटी आता घाईत नव्हती, म्हणजे ती कधीच नव्हती. दगड कुठे आहे ते सोडून कुठून निघणार आहे ते बघत, एकेक पाऊल टाकत होती.

ज्या दुपारी ते झालं, त्या दुपारी शाळा लवकर सुटली होती. पोरं दारात गोळा झाली, पण आज कुणी ओरडलं नाही. न्हावी वस्तरा हातात घेऊन आला तो तसाच उभा. सासूबाई जिन्याच्या वरच्या टोकाला. भाऊजी तारा सांधायचा तापलेला काविया धरून एका टीव्हीला डाग देत होते, ते थांबले.

पिल्लू टेकडीच्या माथ्यावर गेलं. आणि घर दिसलं.

चित्रातल्याइतकं मोठं नव्हतं. चौकोनी, चार रंगांत आटपलेलं, धूर म्हणजे नुसते तीन ठिपके. पण घर होतं. पिल्लू दारापाशी गेलं. धाकटीनं दांडा सोडला. आता तिच्या हातात काही नव्हतं. पिल्लानं चोच आपटली. एकदा. पुन्हा एकदा. दार उघडलं, आई बदक आली, तिनं पंख पसरला, आणि दोघं आत गेली. दार लागलं. खिडकीत पिवळा उजेड पडला.

बस. एवढंच. जेवणावळ नाही, मोठा कावळा नाही. आम्ही सगळे काचेकडे बघत होतो, की आता आतलं दाखवतील. तर काच काळी झाली, टिंग टिंग टिंग वाजलं, आणि पुन्हा तेच पहिलं तळं आलं. पानावर लाल टोपीचं पिल्लू, आणि कावळा आता आधीपेक्षाही जोरात.

"म्हणजे काय?" पैलवानाचा आवाज मागून आला. हा कधी आला कोण जाणे. "परत पहिल्यापासून?"

"फसवणूक आहे," न्हावी म्हणाला. "आत काय होतं ते दाखवलंच नाही!"

भाऊजी बायकोकडे बघत होते. कावियाखाली कुणाच्या तरी टीव्हीची पट्टी करपत होती, त्याचा त्यांना पत्ता नव्हता. ते हळूच म्हणाले, "अगं... मला वाटलं होतं, शेवटाला जरा काहीतरी..."

धाकटीनं चेहरा पुसला. रडत होती की घाम होता, मी विचारलं नाही.

"दार उघडलं ना? आत घेतलं ना?" ती म्हणाली. "मग झालं. पुढचं आपण कशाला बघायचं? लोकांच्या घरात डोकावू नये."

आणि ती उठली. खेळ मध्येच सोडून. तळ्यावरचं नवं पिल्लू पानावर तसंच उभं, पान हळूहळू खाली चाललेलं. पोरं किंचाळली, "काकू! काकू, मरेल ते! खेळा ना!"

"ते दुसरं आहे. त्याला तुम्ही न्या," धाकटी म्हणाली. "माझं पोचलं."

तिनं कोट खांद्यावर टाकला आणि जिना चढायला लागली. मागे पोरांची दांड्यासाठी झोंबाझोंबी झाली, कुणाचा तरी हात चुकला, आणि ते रडकं गाणं वाजलं. इतके दिवस ते गाणं कुठूनही ऐकू आलं की धाकटीची मान वळायची. स्वयंपाकघरात असली तरी. त्या दुपारी ती माझ्या शेजारून वर गेली, सासूबाईंना म्हणाली, "आई, सरका जरा, मला जायचंय," आणि मान वळली नाही.